नवजात बाळाचं नाक बंद असतं तेव्हा: वॉर्डात नव्यानं आलेल्यांसाठी

नवजात बाळांच्या वॉर्डात ड्यूटी लागली की काही दिवसांतच कुणाची तरी आई सांगत येते, "सिस्टर, बाळाचं नाक वाजतंय." बहुतेक वेळा त्यात काही नसतं. जन्मानंतर नाकातला चिकट द्रव सुकतो, आतली त्वचा जराशी सुजते, बाळ घुरघुरतं आणि आपोआप बरं होतं. पण हजारो बाळांमागे एखाद्याचं नाक जन्मतःच मागून किंवा पुढून बुजलेलं असतं, आणि त्याला पहिल्या तासांतच मदत लागते. पहिल्या प्रकारच्या बाळाला हात जितका कमी लावाल तितकं चांगलं. दुसऱ्या प्रकारच्या बाळाचं तोंड लगेच उघडून द्यावं लागतं. ही दोन बाळं वेगळी ओळखणं हेच या कामातलं खरं कौशल्य आहे. नवे रेसिडेंट आणि नव्या सिस्टर नेमके इथे चुकतात: सुजलेल्या नाकात पुन्हा पुन्हा सक्शन, म्हणजे स्राव ओढून काढायची नळी, घालत राहतात आणि खरोखर बंद असलेल्या नाकाला "सर्दी" म्हणून सोडून देतात.

नाकाचं एवढं महत्त्व का

नवजात बाळाचं स्वरयंत्र मानेत खूप वर असतं. त्यावरचं झाकण, म्हणजे एपिग्लॉटिस, मऊ टाळूपर्यंत पोचतं. जीभ तोंडाच्या मानानं मोठी असते आणि शांत असताना टाळूला टेकलेली असते. या रचनेमुळे बाळाला दूध ओढता ओढता नाकानं श्वास घेता येतो. पण त्यामुळेच नाक बंद झालं की तोंडाचा रस्ता आपोआप उघडत नाही. "नवजात बाळ फक्त नाकानंच श्वास घेतं" असं पुष्कळदा शिकवलं जातं. ते शब्दशः खरं नाही. काही बाळं जरा धडपडून तोंड उघडतात. पण हे जमायला वेळ लागतो, झोपेत तर ते फारच अवघड जातं, आणि दमलेलं बाळ तो प्रयत्न सोडून देतं. तोंडानं सहज श्वास घेण्याची सवय पहिल्या काही महिन्यांत हळूहळू लागते. तोवर नाक हीच मुख्य वाट.

शिवाय ही वाट अरुंद आहे. नळीची त्रिज्या निम्मी झाली की हवेला होणारा अडथळा दुप्पट होत नाही, साधारण सोळापट होतो. मोठ्या माणसाच्या नाकात जी सूज जाणवणारही नाही, ती बाळाचा श्वास अडवू शकते. हे गणित लक्षात राहिलं तर प्रत्येक वेळी नाकात नळी घालण्याआधी हात आपोआप थबकतो.

पायरी १: आधी नुसतं बघा

बाळाचे कपडे सैल करा, छाती उघडी ठेवा, सॅच्युरेशनचा, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन मोजणारा, प्रोब लावा आणि दोन-तीन मिनिटं काही न करता बघत राहा. हातपाय निळसर असणं पहिल्या दिवसांत सामान्य आहे. रंग बघायचा तो जिभेचा आणि ओठांच्या आतल्या बाजूचा.

बाळ शांत झालं, तोंड मिटलं, की छातीच्या फासळ्यांमधली जागा आत ओढली जाते का? नाकपुड्या फुलतात का? सॅच्युरेशन उतरतं का? मग बाळ चिडतं, रडतं, आणि रडता रडता गुलाबी होतं का? रडणं थांबलं की पुन्हा तेच? निळं, रडणं, गुलाबी, शांत, पुन्हा निळं असं चक्र दिसलं तर दोन्ही बाजूंनी नाक बंद असल्याचा संशय पक्का धरा. फुप्फुसाच्या किंवा हृदयाच्या आजारात बहुधा याच्या उलट घडतं: रडलं की बाळ आणखी निळं पडतं. रडण्यानं रंग सुधारणं ही खूण इतकी बोलकी आहे की ती हँडओव्हरमध्ये शब्दशः सांगावी. "बाळ अधूनमधून डीसॅच्युरेट होतं" एवढंच सांगितलं तर पुढच्या ड्यूटीवरच्या माणसाला त्यातून काहीच कळत नाही.

दूध पिताना काय होतं तेही बघा. बाळ दोन-चार घोट ओढतं, गुदमरतं, स्तन सोडतं, हाशहुश करतं, पुन्हा धरतं. अशा वेळी आईला "तुम्हाला नीट पाजता येत नाही" असं सांगून मोकळं होणारे लोक वॉर्डात असतात. तुम्ही त्यांच्यातले होऊ नका.

हनुवटी खूप लहान आणि आत गेलेली असेल, तर नाक मोकळं असूनही जीभ मागे पडून हाच प्रकार दिसू शकतो. असं बाळ मॉनिटर लावून पालथं ठेवलं की बरंच सुधारतं. आवाजही ऐका. नाकाचा आवाज घुरघुर किंवा घोरण्यासारखा येतो. श्वास आत घेताना शिट्टीसारखा तीक्ष्ण आवाज येत असेल तर अडथळा बहुधा स्वरयंत्राजवळ आहे, आणि हा लेख त्या बाळाच्या कामाचा नाही.

पायरी २: बाळ त्रासात असेल तर निदान करणं थांबवा, तोंड उघडा

हा भाग पाठ असायला हवा, कारण त्या वेळी वाचत बसायला उसंत मिळत नाही.

१. मदतीला हाक मारा. डोकं सरळ, मान किंचित मागे, जबडा पुढे. बोटानं हनुवटी खाली घेऊन तोंड उघडं ठेवा. पुष्कळ बाळं एवढ्यानंच सुधारतात. बाळाला रडवत ठेवल्यानंही रंग सुधारतो, पण त्यानं बाळ दमतं, म्हणून हा उपाय नव्हे.

२. ओरल एअरवे, म्हणजे तोंडातून श्वासाची वाट उघडी ठेवणारी छोटी वक्र नळी, घाला. नवजात बाळाच्या मापाच्या एअरवे सर्वांत लहान असतात, त्या ट्रॉलीत कुठे आहेत हे ड्यूटीच्या सुरुवातीलाच बघून ठेवा. एअरवे गालाशी धरून ओठांच्या कोपऱ्यापासून जबड्याच्या कोनापर्यंत मापा. लांब झाली तर ती एपिग्लॉटिसला दाबते, आखूड झाली तर जीभच मागे ढकलते. मोठ्या माणसात उलटी घालून मग फिरवतात तसं इथे करू नका, टाळूला जखम होते. टंग डिप्रेसरनं जीभ खाली दाबा आणि एअरवे सरळ आत सरकवा.

३. श्वास पुरेसा नसेल तर बॅग आणि मास्कनं श्वास द्या, पण तोंड उघडं ठेवून. नाक बंद आणि तोंड मिटलेलं असताना मास्क कितीही घट्ट बसवला तरी छाती उचलणार नाही, आणि तुम्ही मास्कला दोष देत राहाल. एअरवे आत ठेवूनच मास्क लावला तर काम सोपं होतं. पुरेशा वजनाच्या बाळाला लॅरिंजियल मास्कही चालतो, कारण तो नाकाला वगळून थेट स्वरयंत्रावर बसतो.

४. एवढ्यावर भागत नसेल तर तोंडातून श्वासनळीत नळी, म्हणजे इंट्युबेशन. अशा बाळाची फुप्फुसं बहुधा चांगली असतात, त्यामुळे नळी पडल्यावर व्हेंटिलेटरची गरज फार थोडी असते. मात्र काही सिंड्रोममध्ये जबडा आणि घसा यांची रचनाही वेगळी असते, इंट्युबेशन अवघड जातं. म्हणून पहिला प्रयत्न तिथल्या सर्वांत अनुभवी माणसानं करावा.

५. दूध थांबवा, शिरेतून द्रव सुरू करा, आणि पोट रिकामं करायला तोंडातून नळी घाला.

नाकात लावायच्या ऑक्सिजन प्रॉंग्ज, नाकाचा सीपॅप, हाय फ्लो अशा नाकातून हवा देणाऱ्या साधनांचा दोन्ही बाजूंनी बंद असलेल्या नाकात उपयोग नाही. हवा आत जायला वाटच नाही. मशीनवर आकडे दिसतात, बुडबुडे येतात, आणि आपण काहीतरी करतोय असं वाटत राहतं. यात वेळ गेलेली बाळं असतात.

एअरवे बसल्यावर बाळ स्थिर झालं तर पुढच्या काही दिवसांसाठी मॅकगव्हर्न निपल हा साधा उपाय उपयोगी पडतो: दूध पाजायच्या निपलचं टोक कापून भोक मोठं करतात आणि पट्टीनं डोक्यामागे बांधतात, म्हणजे तोंड उघडं राहतं आणि बाळ त्यातून श्वास घेतं. एअरवे असो की निपल, ते निसटतं, लाळेनं बुजतं, ओठाला आणि हिरडीला टोचतं. दर काही तासांनी काढून, साफ करून, त्वचा बघून पुन्हा बसवा. अशा बाळाजवळ सक्शन, बॅग-मास्क आणि जास्तीची एअरवे हाताशी हवीच.

पायरी ३: नाक खरोखर बंद आहे का?

बाळ स्थिर असेल तरच हे करायचं. थंड धातूचा चमचा, आरसा किंवा लॅरिंगोस्कोपचं पातं एकेका नाकपुडीखाली धरा, वाफ धरते का बघा. कापसाचा तंतू धरला तर तो हलतो का बघा. स्टेथोस्कोपचं गोल तोंड काढून त्याची नळी नाकपुडीजवळ धरली की हवेचा आवाज थेट ऐकू येतो. ही युक्ती मला आरशापेक्षा जास्त भरवशाची वाटते, कारण एसी चालू असलेल्या खोलीत आरशावरची वाफ क्षणात उडते. दोन्ही नाकपुड्या वेगवेगळ्या तपासा.

मग कॅथेटर, म्हणजे बारीक नळी. ६ नंबरचा, म्हणजे ६ फ्रेंचचा मऊ कॅथेटर घ्या, त्यावर सेंटीमीटरच्या खुणा असाव्यात. टोकाला जेली लावा. दिशा वर कपाळाकडे नको. नाकाच्या तळाशी समांतर, सरळ मागे, कानाच्या दिशेनं सरकवा. जोर लावू नका. प्रत्येक बाजूला एकच प्रयत्न. सक्शनचं मशीन जोडू नका, आपण इथे वाट तपासतोय, साफ करत नाही.

कॅथेटर किती अंतरावर अडतो ते लिहून ठेवा, कारण निदानाचा निम्मा भाग त्या आकड्यात असतो. नाकपुडीच्या तोंडापासून साधारण १ सेंटीमीटरवरच अडला तर नाकाचं पुढचं हाडाचं द्वार अरुंद असल्याचा संशय घ्या. ३ ते ३.५ सेंटीमीटरवर टणक अडथळा लागला तर नाकाचं मागचं द्वार, म्हणजे कोॲना, बंद असण्याची शक्यता मोठी. या दोन्हींच्या मध्येच अडला तर दोन नाकपुड्यांमधला पडदा वाकडा असणं, गाठ, मधल्या भागातला अरुंदपणा किंवा नुसती सूज.

यात दोन फसव्या गोष्टी आहेत. मऊ कॅथेटर नाकातच वेटोळं घालतो आणि आत गेल्यासारखा वाटतो, म्हणून त्याचं टोक घशात दिसलं तरच तो गेला असं म्हणा. दुसरं म्हणजे बारीक कॅथेटर गेला म्हणून वाट पुरेशी रुंद आहे असं ठरत नाही. लक्षणं तशीच राहिली तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना बोलवा. ते बारीक लवचिक एंडोस्कोपनं बिछान्यापाशीच नाक आतून बघू शकतात.

पायरी ४: कशामुळे बंद आहे ते ओळखा

सूज. सर्वांत जास्त वेळा हेच. कारण अनेकदा आपणच असतो: जन्माच्या वेळी जोरात किंवा वारंवार केलेलं सक्शन. उपाय म्हणजे प्रत्येक नाकपुडीत ०.९ टक्के सलाइनचे एक-दोन थेंब, दूध पाजण्याच्या थोडं आधी. मिनिटभर थांबा. बाहेर आलेला स्राव हलकेच टिपा. सक्शन करावंच लागलं तर नाकपुडीच्या तोंडाशीच, ८० ते १०० एमएमएचजीच्या दाबापलीकडे न जाता. खोल जायचं नाही. हे दर तासाला करायचं काम नाही. वॉर्डात सर्वांत मोठा वाद इथेच होतो, कारण नाक वाजत असताना सक्शन न करणं म्हणजे दुर्लक्ष असं नातेवाइकांना वाटतं आणि कधी कधी सीनिअरनाही. प्रत्येक खेपेला आतलं अस्तर खरवडतं, सूज वाढते, नाक आणखी वाजतं, आणि वाजतंय म्हणून पुन्हा नळी आत जाते. हा फेरा कुणीतरी थांबवायला हवा.

मोठ्यांचे नाक मोकळं करणारे थेंब, ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिन, नवजात बाळात स्वतःच्या मनानं कधीही वापरू नयेत. ते रक्तात शोषले जातात. हृदयाचे ठोके मंदावणं, बाळ सुस्त पडणं, श्वास थांबणं हे धोके खरे आहेत, आणि काही दिवसांनी औषध बंद केलं की सूज उलटून येते. तज्ज्ञ कधी कधी मोजके दिवस स्टिरॉइडचे थेंब देतात. तेही लांबवले तर बाळाच्या ॲड्रिनल ग्रंथी दबतात, म्हणून बंद करायची तारीख पहिल्याच दिवशी केसपेपरवर लिहून ठेवा. तज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय सलाइनखेरीज इतर काही, विशेषतः तेलकट पदार्थ, नाकात जाता कामा नये. ते फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो.

सूज आठवड्याभरातही हटत नसेल, किंवा स्रावात रक्त असेल, तर आईच्या तपासण्या पुन्हा उघडून बघा. जन्मजात सिफिलिसमध्ये नाकातून रक्तमिश्रित स्राव येतो. आईच्या गरोदरपणात सुरू असलेली मेथिलडोपासारखी औषधंही बाळाचं नाक चोंदवू शकतात.

नाकाचा मधला पडदा सरकणं. प्रसूतीत नाकावर दाब येऊन ते एका बाजूला कललेलं दिसतं. नुसता आकार दबला असेल तर काही दिवसांत सरळ होतं. पडदा जागेवरून निसटला असेल तर नाकाचं टोक हलकेच दाबल्यावर नाकपुड्या असमान होतात आणि पडदा एकीकडे झुकतो. हे तज्ज्ञांना पहिल्या काही दिवसांतच दाखवा, उशीर झाला की बसवणं अवघड जातं.

कोॲनल अट्रेशिया. नाकाची मागची वाट हाडानं किंवा हाड आणि पडदा दोन्हींनी बंद असते. नुसत्या पडद्याचा अडथळा विरळा. गर्भात सुरुवातीच्या आठवड्यांत नाक आणि तोंड यांच्यामधला पडदा फुटायला हवा, तो तसाच राहणं हे एक मानलं जाणारं कारण. साधारण ५,००० ते ८,००० जन्मांमागे एका बाळात हे आढळतं, मुलींमध्ये जास्त. वैद्यकाला हा दोष १७५५ पासून माहीत आहे, योहान रोडरर यांनी त्याचं वर्णन केलं होतं. एका बाजूचा अट्रेशिया दोन्ही बाजूंच्या अट्रेशियापेक्षा जास्त आढळतो आणि बहुधा उजवीकडे असतो. गरोदरपणात थायरॉइडसाठी घेतलेल्या कार्बिमाझोल किंवा मेथिमाझोलशी त्याचा संबंध नोंदला गेला आहे, म्हणून आईच्या औषधांची यादी विचारा. विचारताना सूर मात्र जपा.

पुढच्या द्वाराचा अरुंदपणा, म्हणजे पिरिफॉर्म ॲपर्चर स्टेनोसिस. लक्षणं अट्रेशियासारखीच, पण कॅथेटर दाराशीच अडतो. पूर्ण दिवसांच्या बाळात सिटी स्कॅनवर द्वाराची रुंदी ११ मिलिमीटरपेक्षा कमी भरली तर निदान पक्कं मानतात. वरच्या हिरडीत अगदी मध्यावर एकच मोठा दात दडलेला दिसला तर मेंदूच्या मधल्या भागाची आणि पिट्युइटरी ग्रंथीची तपासणी झालीच पाहिजे. अशा बाळाची साखर अचानक उतरू शकते. नाकाकडे बघता बघता ग्लुकोमीटर विसरू नका.

गाठी. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याखाली निळसर फुगवटा आणि त्याच बाजूचं नाक बंद असेल तर अश्रुनलिकेची गाठ नाकात उतरली असावी. ती मोकळी केली की बाळ सुधारतं. नाकाच्या मधोमध, मुळाशी किंवा आत मऊ गाठ दिसली, ती रडताना फुगली, तर ती मेंदूच्या आवरणाशी जोडलेली असू शकते. तिला सुई लावू नका, बायोप्सी घेऊ नका, "पू आहे का बघू" म्हणून टोचू नका. आधी एमआरआय. रडताना फुगली नाही तरी हाच नियम.

पायरी ५: स्कॅनला नेण्याआधी

वायुमार्ग सुरक्षित केल्याशिवाय बाळाला वॉर्डाबाहेर हलवायचं नाही. सिटी स्कॅनच्या थोडं आधी सलाइन घालून स्राव काढावा लागतो, नाहीतर साचलेला श्लेष्मा पडद्यासारखा दिसतो आणि रिपोर्ट चुकतो. इथे सक्शनला माझा विरोध नाही. तज्ज्ञांनी त्या वेळेपुरते नाक मोकळं करणारे थेंब सांगितले तर मॉनिटरवर लक्ष ठेवून द्या. पुष्कळ बाळं नीट गुंडाळून ठेवली तर भूल न देताच शांत पडून राहतात.

पायरी ६: नाकापलीकडचं बाळ बघा

कोॲनल अट्रेशिया असलेल्या बाळाला चार्ज सिंड्रोम असू शकतो, विशेषतः दोन्ही बाजू बंद असतील तर. चार्ज हे नाव १९८१ मध्ये दिलं गेलं. त्यात डोळ्यातली फट, हृदयदोष, अट्रेशिया, वाढीतली मंदगती, जननेंद्रियांचे आणि कानांचे दोष एकत्र येतात. २००४ मध्ये त्यामागचं सीएचडी७ हे जनुक सापडलं. म्हणून डोळ्यांची तपासणी, हृदयाची इको, मूत्रपिंडांची सोनोग्राफी आणि श्रवणचाचणी सांगा. कानाची पाळी वेगळ्या आकाराची दिसली किंवा रडताना चेहऱ्याची एक बाजू हलत नसेल तर तेही नोंदवा. इको ऑपरेशनच्या आधी व्हायला हवी, भूलतज्ज्ञ ती मागणारच. आणि पालकांना सिंड्रोमचं नाव तपासण्या हातात येण्याआधी घाईनं सांगू नका.

पायरी ७: दूध

दोन्ही बाजू बंद असतील तर दूध तोंडातून घातलेल्या नळीनं. आईला पहिल्याच दिवसापासून दूध काढून द्यायला शिकवा. हे मागे पडलं तर आठवड्यानंतर स्तनपान सुरू करायची वेळ येते तेव्हा दूधच आटलेलं असतं, आणि मग सगळे आईलाच विचारतात.

एकाच बाजूला अडथळा असेल तर बाळ बहुधा पिऊ शकतं, पण त्याच्याकडे एकच वाट आहे. नाकातून फीडिंग ट्यूब घातली तर ती कुठे जाईल? मोकळ्या नाकपुडीतच, कारण दुसरीत ती जाणारच नाही. म्हणजे उरलेली वाट आपणच बुजवली. अशा बाळाला ट्यूब लागलीच तर तोंडातून घाला, आणि मोकळ्या नाकपुडीवर चिकटपट्टी येऊ देऊ नका. अंगावर पाजताना मोकळी नाकपुडी स्तनात रुतणार नाही अशा बाजूनं बाळ धरा. थोडं पाजा, थांबा, श्वास घेऊ द्या, पुन्हा पाजा.

पायरी ८: ऑपरेशन आणि त्यानंतर

दोन्ही बाजूंच्या अट्रेशियाचं ऑपरेशन बाळ स्थिर झाल्यावर पहिल्या दिवसांत किंवा आठवड्यांत करतात. आता बहुतेक ठिकाणी नाकातूनच, एंडोस्कोपच्या मदतीनं. काही विशिष्ट बाळांत टाळूतून जावं लागतं. एका बाजूच्या अट्रेशियाला घाई नसते. बाळ मोठं होऊ देतात, कारण मोठ्या नाकात काम करणं सोपं जातं. पुढच्या द्वाराच्या अरुंदपणात आधी सलाइन, थेंब आणि वेळ यांवर भिस्त ठेवतात. बाळ तरीही दूध पिऊ शकत नसेल, वजन वाढत नसेल, नळी काढता येत नसेल, तर वरच्या ओठाच्या आतून छेद घेऊन हाड रुंद करतात.

ऑपरेशननंतर नाकात स्टेंट, म्हणजे वाट उघडी ठेवणारी नळी, ठेवावा की नाही यावर सर्जनांत एकमत नाही. ठेवला असेल तर पुढचं काम सिस्टरचं. ठरलेल्या वेळी सलाइन, मग स्टेंटच्या लांबीइतकंच मोजलेलं सक्शन. ती लांबी बिछान्यावरच्या कागदावर लिहा, नाहीतर प्रत्येक शिफ्ट आपल्या अंदाजानं नळी घालते. नाकपुड्यांच्या कडा आणि दोन नाकपुड्यांमधली त्वचा रोज बघा. तिथे दाबानं जखम झाली तर तिचा व्रण चेहऱ्यावर कायम राहतो. स्टेंट असलेलं बाळ अचानक अस्वस्थ झालं तर तो बुजलाय असं समजा: सलाइन, सक्शन, आणि तरीही सुटका नसेल तर पुन्हा पायरी २.

वाट पुन्हा अरुंद होणं ही ऑपरेशननंतरची नेहमीची अडचण आहे. पुन्हा भूल देऊन एंडोस्कोपी, वाट रुंद करणं, वाढलेलं पेशीजाल काढणं हे एकाहून जास्त वेळा लागू शकतं. पालकांना हे ऑपरेशनच्या आधीच सांगितलेलं असलं तर दुसऱ्या वेळी त्यांना फसवणूक झाल्यासारखं वाटत नाही.

पालकांशी बोलताना

"नाकातून घशाकडे जाणारं मागचं दार जन्मतःच भिंतीनं बुजलेलं आहे, म्हणून आपण तोंडाचं दार उघडं ठेवलंय" एवढं सांगितलं तरी बहुतेकांना कळतं. मग कागदावर नाकाचं आडवं चित्र काढा, ते घरच्या इतरांना दाखवायला त्यांना उपयोगी पडतं. आई विचारेलच की माझ्या खाण्यानं, पडण्यानं किंवा कामानं असं झालं का. त्याचं उत्तर थेट द्या: नाही. औषधांचा इतिहास तिच्याकडून घेतला असेल तर तो कशासाठी घेतला तेही सांगा, नाहीतर ती रात्रभर त्याच गोळीचा विचार करत बसते.

घरी सोडताना

बाळ झोपेत, जागेपणी आणि दूध पिताना अशा तिन्ही वेळी सॅच्युरेशन टिकवतं हे पाहिल्याशिवाय डिस्चार्ज नाही. एकदा रात्रीच्या मॉनिटरचा आलेख बघा, दिवसा बऱ्या दिसणाऱ्या बाळांचंही सॅच्युरेशन गाढ झोपेत उतरतं. वजन वाढू लागलेलं असावं. घरातल्या किमान दोघांना नाकात सलाइन घालणं, तोंड उघडं ठेवणं आणि बाळाचा श्वास थांबल्यास करायचं सीपीआर हातानं करून दाखवता आलं पाहिजे. "समजलं" म्हणणं पुरेसं नाही. ओरल एअरवे घरी द्यायची ठरली असेल तर ती बसवून दाखवायला लावा. बाळाला झोपवायचं ते पाठीवरच. वॉर्डात मॉनिटर होता म्हणून पालथं ठेवलं, ते घरी चालणार नाही.

त्यांच्या कागदावर हे लिहून द्या: जीभ किंवा ओठ निळे पडले, छाती आत ओढली जाऊ लागली, दूध निम्म्याहून कमी झालं, झोपेतून उठवूनही नीट जाग येत नसेल, किंवा नाकातून रक्त थांबत नसेल, तर वाट न बघता दवाखान्यात यायचं. साध्या सर्दीतही लवकर यायचं, कारण या बाळाला ती साधी नसते. तपासणीची पुढची तारीख, कान-नाक-घसा तज्ज्ञांकडची आणि गरज असेल तर हृदय, डोळे, हार्मोन यांची, एकाच कागदावर असावी. आणि एका बाजूचा अट्रेशिया घेऊन घरी निघालेल्या बाळाच्या कागदावर ते निदान मोठ्या अक्षरांत लिहा. अशा मुलाच्या एकाच नाकपुडीतून वर्षानुवर्षं चिकट शेंबूड येत राहतो, आणि निदान हरवलं असेल तर प्रत्येक नवा डॉक्टर त्याला सायनसची औषधं लिहून देत राहतो.